जामीन कोण?

बँकेतील छत्तीस वर्षांच्या सेवेत मी सर्वांत अधिक वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे 'जामीन कोण?' कर्ज शिलाई यंत्राचे असो, दुचाकीचे असो वा किराणा दुकानाचे. अर्जदाराने कागद पुढे सरकवले की माझी नजर आधी शेवटच्या पानावर जात असे. तेथे जामीनदारांच्या सह्या दिसल्या की बोलणे पुढे सरके, नसल्या तर तेथेच थांबे. हा प्रश्न विचारणारा मी होतो. तोच प्रश्न कधी माझ्या घरातील कोणाला कोणी विचारील, असे मनातही आले नव्हते. गेल्या वर्षी नव्वद दिवसांच्या व्हिसावर मी आणि सौभाग्यवती टोकियोस मुलाकडे राहून आलो. त्या मुक्कामात हा प्रश्न उलट दिशेने माझ्याकडे आला, त्याची ही हकीकत.

मुलगा राहतो त्या भागाचे नाव निशी-कासाई. टोकियोच्या तेवीस प्रभागांपैकी अगदी पूर्वेकडच्या एदोगावा प्रभागात हा भाग येतो. नकाशात तो शहरात मोडतो, व्यवहारात मात्र उपनगरच. भुयारी रेल्वेच्या तोझाई मार्गाने आणखी थोडे पुढे गेले की नदी ओलांडून चिबा हा दुसरा प्रांत सुरू होतो. निशी-कासाईचे स्थानक १९७९ मध्ये सुरू झाले. त्याच काळात समुद्रात भराव घालून नवी जमीन तयार करण्यात आली आणि तिच्यावर उंच, एकसारख्या इमारतींच्या सार्वजनिक वसाहती उभ्या राहिल्या. अशा वसाहतीला तेथे 'दांची' म्हणतात. आपल्याकडील म्हाडाच्या वसाहती डोळ्यांपुढे आणाव्यात. फरक इतकाच की जिने स्वच्छ आणि रंग ताजा.

येथे भारतीय इतक्या संख्येने का, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. स्थानकाबाहेर पडताच एक आजोबा नातवाला मराठीत रागावताना ऐकू आले! उत्तर हिशेबाचे आहे. सन २००० च्या सुमारास संगणकातील तारखांचा जो प्रश्न जगभर गाजला, त्यासाठी जपानी वित्तसंस्थांना संगणक अभियंते हवे होते आणि ते भारतात होते. या संस्थांची कार्यालये ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो या भागांत. ही तिन्ही स्थानके तोझाई मार्गावर, निशी-कासाईपासून पंधरा-सतरा मिनिटांच्या आत. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी १९७८ मध्ये जपानला आले होते आणि याच परिसरात स्थिरावले होते. नव्याने येणाऱ्या एकट्या तरुणांना ना घर मिळे, ना जेवण. चंद्राणींनी त्यांच्या घरांसाठी खटपट केली आणि भारतीय जेवणाची सोय केली. पुढे कुटुंबे आली, २००६ मध्ये भारतीय शाळा निघाली, डाळी-पिठांची दुकाने आली. २०२० च्या सुमारास एकट्या एदोगावा प्रभागात चार हजारांहून अधिक भारतीय राहत होते; म्हणजे साऱ्या जपानमधील भारतीयांपैकी सुमारे एक दशांश. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

परंतु जागा स्वस्त असते, तेव्हा ती का स्वस्त आहे हेही पाहावे, असे तारण तपासताना आम्हांला शिकवलेले. मुलाच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचे भाडे दरमहा सुमारे सव्वा लाख येन, म्हणजे आपले सत्तर हजार रुपये. हा आकडा ऐकून सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. मुलगा म्हणाला, "आई, शहराच्या मध्यात एवढ्याच जागेला दुप्पट पडतील." या स्वस्ताईची दोन कारणे मला दिसली. पहिले म्हणजे गर्दी. महामारीपूर्वी तोझाई मार्गावरील किबा ते मोंझेन-नाकाचो हा टप्पा टोकियोतील सर्वांत गर्दीच्या टप्प्यांत गणला जाई. सकाळच्या वेळी क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसे. डोंबिवलीहून वीस वर्षे व्ही.टी. गाठलेल्या माणसाला त्याचे काय नवल, असे मी म्हणालो खरे. पण एके सकाळी मुलासोबत गेलो, तेव्हा ध्यानात आले की तेथील गर्दीला आवाज नाही. शंभर माणसे अंगाला अंग लावून उभी, आणि शब्द एकही नाही. आपल्या लोकलमध्ये माणूस चेंगरतो, पण एकटा पडत नाही.

दुसरे कारण पाण्याचे. एदोगावा प्रभागाचा सुमारे सत्तर टक्के भूभाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. पश्चिमेला आराकावा नदीचे विस्तीर्ण पात्र आहे. ते निसर्गाने दिलेले नसून १९१० च्या महापुरानंतर माणसांनी खणलेले आहे, आणि १९३० मध्ये ते काम पुरे झाले. २०१९ मध्ये प्रभागाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला. मोठे वादळ येणार असेल तर या प्रभागात थांबू नका, आधीच बाहेर जा, असे त्यात आडपडदा न ठेवता सांगितले होते. पाणी उतरण्यास आठवडा-दोन आठवडे लागू शकतील, हेही त्यात होते. मुलाच्या घरी दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली असते. पाणी, बॅटरी, कोरडा खाऊ, पारपत्रे. नातीला त्या पिशवीतील वस्तू क्रमाने पाठ आहेत. आपल्या धोक्याची लेखी माहिती रहिवाशाच्या हाती देणारे प्रशासन पाहून मला आदर वाटला. तरीही रात्री पावसाचा आवाज आला की माझी झोप उडे, हेही खरे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. कार्तिकातील एका रात्री जेवणानंतर मी आणि मुलगा सहाव्या मजल्यावरील गॅलरीत बसलो होतो. मी सहज विचारले, "हे घर तुला कसे मिळाले?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "अण्णा, तेव्हा तुम्हांला सगळे सांगितले नव्हते."

सात वर्षांपूर्वी तो पत्नी आणि दहा महिन्यांच्या मुलीसह तेथे गेला, तेव्हा कंपनीने तीन महिन्यांपुरती खोली दिली होती. त्या मुदतीत घर शोधायचे होते. खाजगी घराच्या भाड्याचा तेथील हिशेब ऐकून माझ्यासारखा वाणिज्याचा विद्यार्थीही चकित झाला. 'शिकीकिन' म्हणजे अनामत रक्कम. ती समजण्यासारखी आहे. त्यावर 'रेइकिन', म्हणजे घर दिल्याबद्दल मालकाला कृतज्ञतेपोटी द्यायचे एक-दोन महिन्यांचे भाडे, जे कधीच परत येत नाही. दलालाचा एक महिना, आगाऊ भाड्याचा एक महिना. किल्ली हाती येण्यापूर्वी चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम जाते. तीही भरण्याची मुलाची तयारी होती. अडले ते पुढे.

त्याने सात घरे निवडली. दलाल त्याच्यासमोरच एकेका मालकाला दूरध्वनी करी. बोलणे अतिशय अदबीचे. मध्येच 'गाइकोकुजिन', म्हणजे परदेशी, हा शब्द येई आणि मग दलाल फोनवरच वाकून नमस्कार करी. मुलाला जपानी फारसे येत नव्हते, तरी तो नमस्कार नकाराचा आहे हे त्याला तिसऱ्या घरापर्यंत उमजले. पाच घरे अशी गेली. सहाव्या मालकाने विचारले, "हे लोक घरी मसाल्याचा स्वयंपाक करतात का? तो वास भिंतींच्या कागदात शिरतो, नंतर जात नाही." सातवा मालक कबूल झाला, पण त्याला जपानी जामीनदार हवा होता. मुलाने कार्यालयातील वरिष्ठांना विचारले. ते भले गृहस्थ; परंतु त्यांनी मान खाली घालून असमर्थता सांगितली. "त्या दिवशी मी स्थानकाच्या बाकावर तासभर बसून होतो," मुलगा म्हणाला. "घरी जाऊन हिला काय सांगू, हेच सुचत नव्हते."

त्या काळात तो फोनवर आम्हांला "घर बघतोय, मिळेल," एवढेच सांगत असे, आणि मी त्याला 'चौकशी करून, कागद नीट वाचून घे' असा उपदेश करीत असे!

हा एकट्या माझ्या मुलाचा अनुभव नव्हे. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, मागील पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे ३९ टक्क्यांनी परदेशी असल्याच्या कारणावरून नकार मिळाल्याचे सांगितले होते. जपानी जामीनदार नसल्याने नकार मिळालेले साधारण तितकेच होते. एखाद्या शासनाने अशी पाहणी करून ती छापावी, हेही नोंद घेण्यासारखे आहे.

शेवटी घर मिळाले ते दांचीत. या वसाहती चालवणारी 'यूआर' ही निमसरकारी संस्था रेइकिन घेत नाही, दलाली नाही, नूतनीकरणाचे शुल्क नाही आणि मुख्य म्हणजे जामीनदार मागत नाही. दोन महिन्यांची अनामत आणि ठराविक मासिक उत्पन्नाचा पुरावा. उत्पन्न कमी पडत असेल तर भाड्याच्या शंभरपट बचत दाखवली तरी चालते. निवासाचा परवाना योग्य असला की देशी-परदेशी हा भेद नाही, आणि प्रथम येईल त्यास प्रथम. भारतीय कुटुंबे या उपनगरात एकवटली, त्यात या नियमाचाही वाटा आहे. प्रशिक्षण महाविद्यालयात मी नव्या अधिकाऱ्यांना शिकवीत असे की कर्ज देताना अर्जदाराचे चारित्र्य, परतफेडीची क्षमता आणि भांडवल या तीन गोष्टी तपासाव्यात. यूआरने क्षमता तपासली आणि किल्ली दिली. त्या पाच मालकांनी यांतील एकही गोष्ट तपासली नव्हती. त्यांनी एक शब्द ऐकला होता, तेवढाच.

मुलगा झोपायला गेला. मी बसून राहिलो, कारण मला डोंबिवलीचे घर आठवले.

नोकरीच्या उमेदीच्या काळात डोंबिवलीला घेतलेले आमचे दोन खोल्यांचे घर आहे. सेवेच्या अखेरच्या वर्षांत सांगलीस बदली झाली, तेव्हापासून ते भाड्याने देतो. एका जून महिन्यात एजंट एका केरळी जोडप्याला घेऊन आला. ती परिचारिका, तो रुग्णालयातच तंत्रज्ञ. मला काही बोलायचे असेल हे ओळखून तो तरुण स्वतःच म्हणाला, "सर, आम्ही तुमच्या घरात मांसाहार शिजवणार नाही. हवे तर लिहून देतो." मी एजंटला बाजूला घेऊन म्हटले, "लिहून काय, कोणीही देईल. यांची हमी कोण घेणार? आणि एकदा वास बसला की जात नाही." त्यांना मात्र मी हसून, चहा देऊन सांगितले, "दोन दिवसांत कळवतो." ते मी कधीही कळवले नाही. आमच्या सोसायटीत तसा काही नियमही नव्हता. नियम माझाच होता.

गॅलरीत बसून मी वर्षांचा हिशेब जुळवून पाहिला. मुलगा मार्चमध्ये स्थानकाच्या बाकावर बसला होता. ते जोडपे माझ्याकडे आले, ते त्याच वर्षीच्या जूनमध्ये.

दुसरी गोष्ट त्यानंतर आठवड्याभराने घडली. शेजारच्या घरात सत्तरीच्या एक जपानी बाई एकट्या राहतात. मुलाचे कुटुंब तेथे आले, तेव्हा कोणत्या दिवशी कोणता कचरा ठेवायचा याचे चित्रांचे वेळापत्रक त्यांनीच आणून दिले होते. त्या परिसरात कोमात्सुना नावाची पालेभाजी मिळते. एदोगावातीलच कोमात्सुगावा या ठिकाणावरून तिला नाव पडले. कंदमुळे वर्ज्य असलेल्या आमच्या स्वयंपाकघराला तिचा मोठा आधार. तेथील सुपांत, सॉसांत, साध्या उकडलेल्या भाजीतही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे सूनबाई प्रत्येक वेष्टन वाचून घेतात आणि बहुतेक सारे घरीच करतात. एके दिवशी सौभाग्यवतींनी हिंग-मोहरीच्या फोडणीची कोमात्सुना वाटीत घालून शेजारी नेली. बाईंनी दोन्ही हातांनी वाटी घेतली आणि सूनबाईंना हसत काहीतरी विचारले. परत येताना सूनबाई गंभीर दिसल्या. बाईंनी विचारले होते, "रोज अकरा वाजता येतो तो वास याचाच का?" त्या वासाने त्यांचे डोके दुखते, म्हणून गेली सात वर्षे त्या पावणेअकराला खिडकी लावून घेतात, असे बोलण्याच्या ओघात समजले. तक्रार म्हणून नव्हे. एक कोडे सुटले या आनंदात त्या सांगत होत्या.

आमच्या घरच्या फोडणीचा कोणाला त्रास होत असेल, हे आम्हां दोघांना चाळीस वर्षांच्या संसारात कधी सुचले नव्हते. वास हा नेहमी दुसऱ्यांच्या स्वयंपाकाला असतो! दुसऱ्या दिवसापासून सौभाग्यवतींनी हिंग अर्ध्यावर आणला आणि कढईवर झाकण ठेवू लागल्या. सात वर्षे कोणालाही न सांगता लावलेल्या त्या खिडकीबद्दल मात्र त्या बराच वेळ बोलत होत्या.

डोंबिवलीच्या एजंटचा फोन तेथे असतानाच आला. जुने भाडेकरू गेले होते. ओडिशाचा एक तरुण, पत्नी आणि लहान मुलगा अशी जागा बघून गेली होती. "पण साहेब, तुमची अट मला माहीत आहे, म्हणून अजून शब्द दिला नाही," एजंट म्हणाला. मी सौभाग्यवतींकडे पाहिले. घरातील चुलीबाबत त्यांचे मत ठाम आहे, माझेही आहे. ते बदलले, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. त्या म्हणाल्या, "अट सांगा. त्यांना मान्य असेल तर द्या. लिहून देतो म्हणाले तर या वेळी ते वाचा तरी."

अट ठेवण्याचा मालकाला अधिकार असेल; तो वाद मी येथे घालत नाही. परंतु अट मान्य करणाऱ्याचा शब्द ऐकून घ्यायचा नाही, आणि मग 'हमी कोण घेणार' असे विचारायचे, यास मी तेव्हा व्यवहार म्हणत होतो. निशी-कासाईत त्याचे दुसरे टोक पाहिले. परक्या गावी आलेल्या माणसाजवळ जामीनदार नसतो, म्हणूनच तो परका असतो. त्याच्याजवळ स्वतःचा शब्द तेवढा असतो.

परत आल्यावर त्या केरळी जोडप्याचा पत्ता एजंटकडे विचारला. ती माणसे केव्हाच दुसरीकडे गेली, असे तो म्हणाला. त्याच्याजवळ क्रमांकही उरला नव्हता. ती बाब माझ्या खतावणीत येणे बाकी म्हणूनच राहील.

ओडिशाच्या कुटुंबाशी करार झाला. नोंदणीच्या वेळी दोन साक्षीदार लागतात. त्या तरुणाचे येथे कोणी नव्हते, म्हणून मी डोंबिवलीतील माझ्या जुन्या सहकाऱ्यांना बोलावले. १९८६ मध्ये मी सांगलीहून बदलून आलो, तेव्हा खोली मिळेना. याच गृहस्थांनी घरमालकाला "माणूस आमच्या बँकेचा आहे, मी सांगतो," असे म्हणून मला छप्पर मिळवून दिले होते. तेव्हा त्यांची-माझी ओळख जेमतेम चार दिवसांची होती. यंत्रावर अंगठा ठेवण्यापूर्वी त्यांनी मला हळूच विचारले, "तुम्ही ओळखता ना यांना?"

"चार दिवसांपासून," मी म्हणालो. ते हसले आणि त्यांनी अंगठा ठेवला.